हाउस आणि गॅरेज : नातं जुनंच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाउस आणि गॅरेज या नृत्यसंगीताच्या दोन प्रकारांना एकत्र आणणाऱ्या नव्या बारा इंची रेकॉर्डचा परिचय वाचला. मराठी वृत्तपत्रात अशा रेकॉर्डला जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. रेकॉर्डचं नाव, कंपनी हा तपशील त्यात येऊन गेलाच आहे, म्हणून पुन्हा देत नाही. पण परिचयाची निम्म्याहून अधिक जागा ती निळ्या पारदर्शक विनाइलवर निघाली आहे, प्रती मोजक्या आहेत आणि संग्राहकांच्या तिच्यावर उड्या पडत आहेत, हे सांगण्यात गेली. संगीताच्या वाट्याला जेमतेम तीन-चार वाक्यं आली. 'दोन परक्या शैलींचा अभिनव संगम', 'पबमधलं पार्टी-संगीत', 'पार्श्वभूमीला एक मधुर स्त्रीस्वर' अशी ती वाक्यं. मी अनेक वर्षं लंडनमध्ये राहते, इथल्या स्टुडिओंत इतरांच्या गाण्यांना साथीचा आवाज देण्याचं काम केलं आहे, आणि ही रेकॉर्ड घरात आल्यापासून रोज वाजते आहे. तेव्हा हे पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

हाउस आणि गॅरेज एकमेकांना परके कधीच नव्हते. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या काँटिनेंटल बाथ्स या ठिकाणी फ्रँकी नकल्स आणि लॅरी लेव्हॅन हे दोन तरुण मित्र रेकॉर्डी वाजवायचे. १९७७ मध्ये शिकागोला वेअरहाउस नावाचा क्लब उघडला. तिथली डीजेची जागा आधी लेव्हॅनना देऊ केली होती. ते न्यूयॉर्क सोडायला तयार झाले नाहीत, म्हणून नकल्स गेले. लेव्हॅन मागे राहिले आणि किंग स्ट्रीटवर मोटारींच्या जुन्या गॅरेजच्या इमारतीत सुरू झालेल्या पॅरडाइज गॅरेजचा प्राण झाले. या दोन जागांवरूनच पुढे दोन प्रकारांना नावं पडली. दोघांच्या पेटीत बहुतेक रेकॉर्डी त्याच असायच्या : फिलाडेल्फियाचं डिस्को, लांबलचक तंतुवाद्यं, चर्चमध्ये गॉस्पेल गाऊन तयार झालेले गळे. एका घरात वाढून पोटापाण्यासाठी दोन गावांना गेलेल्या भावंडांसारखी ही दोन संगीतं आहेत. शिकागोच्या मुलांच्या हातात रोलंड कंपनीची ड्रम मशीन, म्हणजे ठेका वाजवणारं यंत्र, आली आणि तिथलं संगीत उघडंवाघडं, यंत्राचं झालं. न्यूयॉर्कमध्ये आणि नदीपलीकडे नेवार्कच्या झँझिबार क्लबमध्ये, जिथे टोनी हम्फ्रीज वाजवायचे, तिथे गळा आणि ऑर्गन यांचा मान टिकून राहिला. फरक होता तो एवढाच.

'पबमधलं पार्टी-संगीत' या शेऱ्याबद्दल थोडंच लिहिते, पण ते लिहायलाच हवं. पॅरडाइज गॅरेजमध्ये दारू विकलीच जात नसे. लोक सभासद होऊन यायचे आणि सकाळपर्यंत नाचायचे, ते रिचर्ड लाँग यांनी बांधलेली ध्वनियंत्रणा ऐकण्यासाठी. येणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी पुरुष. शहरातल्या दुसऱ्या जागांनी ज्यांना दारातच अडवलं, त्यांनी स्वतःसाठी केलेली ही जागा होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात एका रेडिओ-निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले, त्या दिवशीचा दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणारा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. लोक घेऊन येत होते त्यातल्या कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या कलावंतांच्या होत्या, हे त्याने नंतर वारंवार सांगितलं आहे. पाचच वर्षांनी, १९८४ मध्ये, शिकागोत हाउसची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड निघाली, तिच्या रचनेत या लॉरेन्सचा हात होता. लंडनमध्ये गॅरेजच्या वाट्यालाही काही वेगळं आलं नाही. इथल्या पोलिसांनी २००५ मध्ये कार्यक्रमांसाठी '६९६' क्रमांकाचा एक अर्ज आणला. कोणतं संगीत वाजणार, असं त्यात विचारलं जायचं आणि उदाहरणादाखल गॅरेजचं नाव दिलेलं असायचं. तो अर्ज २०१७ मध्ये रद्द झाला. ज्या संगीतासाठी माणसांनी एवढं सोसलं त्याला दोन शब्दांत पार्टी-संगीत म्हणून बाजूला सारलेलं मला सहन होत नाही.

आता या रेकॉर्डमध्ये नवं काय आहे ते सांगते, कारण नवं आहे, आणि परिचयात नेमकं तेच निसटलं आहे.

हाउसचा ठेका सरळ असतो. चार मात्रा, चारही मात्रांवर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल), दुसरीवर आणि चौथीवर टाळी, दोन मात्रांच्या बरोबर मध्ये उघडी हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके. अमेरिकन गॅरेजही याच चौकटीत चालायचं. लंडनला आल्यावर ते बदललं, आणि बदलण्याची कारणं अगदी व्यवहारातली होती. १९९१ मध्ये एलिफंट अँड कॅसल भागात मिनिस्ट्री ऑफ साउंड हा क्लब उघडला, तो पॅरडाइज गॅरेजचा नमुना समोर ठेवूनच. तिथून रविवारी सकाळी बाहेर पडलेल्यांना घरी जायचं नसायचं, म्हणून जवळच्या एका पबमध्ये मैफल पुढे सुरू राहायची. (पब आला तो इथे.) या मंडळींचे कान रात्रभर वेगवान संगीत ऐकून तापलेले, त्यांना न्यूयॉर्कची रेकॉर्ड मंद वाटायची. डीजे लोक टेक्निक्सच्या टर्नटेबलची वेगाची पट्टी पार टोकाला न्यायचे. ती पट्टी आठ टक्क्यांपर्यंत जाते. मिनिटाला १२४ ठोक्यांची रेकॉर्ड आठ टक्के वाढवली की १३४ च्या जवळ पोहोचते. लंडनच्या गॅरेजचा वेग आजही १३० ते १३५ च्या घरात असतो, त्याचं मूळ या पट्टीत आहे.

पण वेग वाढवला की आवाजही चढतो. आठ टक्के म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडं जास्तच. भरदार गळ्याची बाई लहान मुलीसारखी किणकिणायला लागते. म्हणून डीजे गाण्याची बाजू सोडून मागची 'डब' बाजू वाजवू लागले, जिच्यात आवाजाचे तुकडे तेवढे शिल्लक असतात. न्यू जर्सीचे निर्माते टॉड एडवर्ड्स हे तुकडे इतके बारीक करायचे की शब्द ओळखू येत नसे आणि तरी चाल सलग उभी राहायची. लंडनने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि तेच तुकडे इथल्या गॅरेजची ओळख बनले. मग १९९७-९८ च्या सुमाराला ठेकाच मोडला. पहिल्या मात्रेवरची किक राहिली, पुढची जागेवरून सरकून दोन मात्रांच्या फटीत गेली, दुसरीवर आणि चौथीवर स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) एकटा वाजू लागला. यालाच टू-स्टेप म्हणतात. कानाला चार ठोके ऐकू येत नाहीत, पण पायांना कळतात.

मोडलेल्या ठेक्यालाही बांधून ठेवतो तो झोल, म्हणजे स्विंग. मात्रेचे चार बारीक भाग केले की दुसरा आणि चौथा भाग किंचित उशिरा पडतो. ड्रम मशीनमध्ये ही सोय आणली रॉजर लिन यांनी, आणि ती टक्क्यांत मोजतात. ५० म्हणजे सगळे भाग समान, ६६ म्हणजे जवळजवळ तिस्र जातीचा हिशेब. मिनिटाला १३२ ठोक्यांच्या लयीत ५८ टक्के झोल ठेवला तर तो बारीक भाग सुमारे १८ मिलिसेकंद उशिरा पडतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा उशिरावर नाचणाऱ्याची कंबर हलते की नुसती मान, हे ठरतं.

या रेकॉर्डच्या निर्मात्याने हात घातलाय तो इथे. पहिल्या बाजूला किक शिकागोची, एकही ठोका न चुकवता सरळ. तिच्यावरच्या हाय-हॅटला मात्र लंडनचा झोल. खालचा थर हलत नाही, वरचा सतत मागे रेलत राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये ऑर्गनचा तो ठसठशीत, बोटांनी ठोकल्यासारखा बेस, जो १९८८ मध्ये आलेल्या कॉर्ग एम-वन या कीबोर्डपासून दोन्ही प्रकारांनी आपलासा केला. साधारण मध्यावर किक पूर्ण थांबते. दुसरा एखादा निर्माता इथे आवाज चढवत नेऊन ती दणक्यात परत आणेल. या पठ्ठ्याने ती परत आणताना पहिल्या मात्रेवर एकटीच ठेवली आहे. बाकीच्या तीन जागा रिकाम्या. सोळा मात्रा गेल्यावर लक्षात येतं की आपण हाउसमधून टू-स्टेपमध्ये आलो, आणि कुठे सांधा दिसला नाही. मग एकेक किक परत आपापल्या जागी येऊन बसते. त्या वळणावर मी दर वेळी हातातलं काम थांबवते. दोन शैली एकमेकींना चिकटवलेल्या रेकॉर्डी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, त्यात शिवण कळते. इथे ती कळत नाही, कारण निर्मात्याला या दोघींचं नातं ठाऊक आहे आणि त्याने तेच उलगडून दाखवलं आहे. दुसऱ्या बाजूचा डब मला तितका भावला नाही. त्यात प्रतिध्वनी गरजेपेक्षा जास्त आहे आणि बेस त्यात हरवतो.

विनाइलबद्दल लिहायचं तर रंगाऐवजी कापणीबद्दल, म्हणजे तबकडीवर आवाजाच्या खाचा कोरण्याच्या कामाबद्दल, लिहायला हवं होतं. बारा इंची सिंगलचा जन्मच नाचासाठी झाला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये डिस्कोची गाणी नव्याने जुळवणारे टॉम मोल्टन आपलं काम कापून घ्यायला गेले असताना सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर एकच गाणं कापलं. खाचा एकमेकींपासून लांब बसल्या, आवाज मोठा आणि बेस खोल आला. हे कळल्यावर नाचाच्या रेकॉर्डीने मागे वळून पाहिलं नाही. मिनिटाला ४५ फेऱ्यांवर रेकॉर्डच्या बाहेरच्या काठाजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ६९ सेंटिमीटर खाच सरकते. आत लेबलपाशी पोहोचेपर्यंत ती निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे आतल्या भागात तोच आवाज कमी जागेत लिहावा लागतो, आणि तिथे सगळ्यात आधी बिघडतात ते 'स' आणि 'श'. गायिकेला हे चांगलं ठाऊक असतं. मायक्रोफोनपासून तोंड किंचित वळवून 'स' सोडायला आम्हाला शिकवतात, ते यासाठीही. तुकड्यातुकड्यांच्या गॅरेजमध्ये तर असे ऊष्म वर्ण ठेक्याचा भाग होऊन सारखे येतात. या रेकॉर्डवर गळा भरपूर असलेलं गाणं मुद्दाम बाहेरच्या काठाला घेतलं आहे आणि वाद्यांचंच राज्य असलेला छोटा तुकडा आत ठेवला आहे. बेस मध्यभागी एकवटलेला आहे, त्यामुळे सुई उडत नाही. ज्या कारागिराने लेथवर बसून ही तबकडी कापली, त्याची किंवा तिची आद्याक्षरं लेबलभोवतीच्या कोऱ्या कड्यावर कोरलेली दिसतात. तिरप्या उजेडात धरून पाहा. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाल्यापासून कापणीसाठी लागणाऱ्या लॅकर तबकड्यांची भिस्त मुख्यतः जपानमधल्या एका कारखान्यावर आहे. अशा काळात प्रत्येक कापणी विचारपूर्वक झालेली आहे की नाही, हे वाचकाला सांगणं निळ्या रंगापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

आणि आता तो 'मधुर स्त्रीस्वर'.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका निर्मात्याने मला आग्नेय लंडनमधल्या त्याच्या घरी चार ओळी गायला बोलावलं. झोपण्याच्या खोलीतच स्टुडिओ, कपाटाच्या दाराला लटकवलेली रजई, तिच्यासमोर मायक्रोफोन. त्याने हातावर थोडे पैसे ठेवले, कागद काही झाला नाही. काही आठवड्यांनी मी मिनिकॅबमधून जात असताना ड्रायव्हरने चोरट्या रेडिओचं एक केंद्र लावलं होतं, कुठल्या तरी उंच इमारतीच्या गच्चीवर अँटेना बांधून चालवलेलं. गाणं लागलं आणि मी ताठ झाले. माझं 'स्टे' फोडून त्याचा 'स्' हाय-हॅटच्या शेजारी बसवला होता आणि 'टे' दोन स्वर वर चढवून पुन्हापुन्हा वाजवला होता. शब्द कुणालाच कळला नसता. मी ओळखला तो माझा श्वास. ओळ सुरू करण्याआधी मी नाकातून जो छोटा श्वास घेते, तो त्याने काढून टाकला नव्हता, उलट दर चार मात्रांनी ठेक्यात वापरला होता. फार सुरेख वापरला होता, हेही सांगते. ती रेकॉर्ड व्हाइट लेबलवर निघाली, कोऱ्या पांढऱ्या कागदावर रबरी शिक्का मारून. पुढे ती एका संकलनातही आली. गायिकेचं नाव दोन्हीकडे नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'तो तर सॅम्पल आहे, नुसता उचललेला तुकडा, गाणं कुठे आहे?' मला त्याचं दुःख आजही आहे.

माझी गोष्ट छोटी आहे. या संगीताच्या इतिहासात ही गोष्ट फार मोठ्या गळ्यांच्या बाबतीत घडली आहे. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं सिंगल इटलीतल्या निर्मात्यांचं हाउसचं गाणं होतं. त्यात मूळ आवाज होता शिकागोच्या लोलिएटा हॉलोवे यांचा, त्यांच्या जुन्या डिस्को रेकॉर्डवरून विनापरवाना उचललेला. व्हिडिओत मात्र ओठ हलवणारी एक मॉडेल होती. हॉलोवेंना हक्कासाठी वकील गाठावा लागला. मार्था वॉश यांनी त्याच काळात एकापाठोपाठ गाजलेल्या नृत्यगीतांना आवाज दिला, आणि पडद्यावर त्यांच्या जागी सडपातळ तरुणी उभ्या केल्या गेल्या. त्याही न्यायालयात गेल्या. गायिकेला श्रेय देण्याची रीत थोडीफार रुळली ती त्यांच्या लढ्यामुळे. या बायकांच्या गळ्यावर हाउस उभं आहे आणि गॅरेजही. ड्रम मशीन विकत मिळते, श्वास मिळत नाही.

म्हणूनच आपल्या परिचयात निर्मात्याचं नाव तीनदा आणि कंपनीचं दोनदा यावं आणि गाणारी नुसती 'एक स्त्रीस्वर' राहावी, याचा मला त्रास झाला. ती पार्श्वभूमीला नाही. किक थांबते तेव्हा संपूर्ण गाणं तिच्या एकटीच्या गळ्यावर तोललेलं आहे. तिने तिथे मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा उचल केली आहे, आणि झोलाचा सगळा हिशेब तिच्या त्या उचलीवरून जुळवलेला वाटतो. तुकडे झाले आहेत, पण शेवटच्या मिनिटात तिची ओळ एकदा पूर्ण, न फोडता, मूळ वेगात ऐकवली आहे. गायिकेचा मान राखणारा निर्माताच हे करतो. तिचं नाव पाकिटाच्या मागच्या बाजूला, गाण्यांच्या यादीखाली स्वच्छ छापलेलं आहे.

माझी विनंती साधी आहे. पुढच्या पुरवणीत दोन ओळींची पुरवणी-सूचना देऊन तिचं नाव छापावं, आणि त्याच्या जोडीला कापणी करणाऱ्याची आद्याक्षरंही. परीक्षकांकडे रेकॉर्डची प्रत आहेच, त्यांना पाकीट उलटून पाहायला एक मिनिटही लागणार नाही. आणखी एक : परिचयात वेग ३३ असा छापला गेला आहे, तोही दुरुस्त व्हावा. ही रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ४५ वर वाजवायची आहे. ३३ वर लावणाऱ्या वाचकाला तिचा गळा ओळखू येणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक, लंडन